तिसऱ्या आठवड्यातला फोटो

शमीम मॅडमना राग आला की त्या कानातली काडी फिरवायच्या. कानाला भोक होतं, पण त्यात सोनं नाही, चांदी नाही, साधं पितळही नाही. कडुलिंबाची बारीक काडी होती. भोक बुजू नये म्हणून लहान मुलींच्या कानात घालतात ना, तशी. बाई पन्नाशीच्या पुढच्या, आणि ती काडी दिवसभर फिरत असायची. म्हणजे राग किती यायचा ते तुम्हीच बघा.

धाराशिवच्या बाहेर हायवेला लागून एक रुग्णालय आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, मास्तराला यातलं काय कळतं. तिथं शमीम मॅडम एमआरआयच्या टेक्निशियन होत्या. त्या मशीनच्या खोलीत दांडगं लोहचुंबक असतं आणि ते रात्रंदिवस चालू असतं. साधी टाचणी आत गेली तरी उडून मशीनला जाऊन चिकटते, मध्ये कुणाचा डोळा असला तर डोळ्यातून जाते. त्यामुळं बाईंनी आपल्या अंगावरून धातू हद्दपारच केला होता. ओढणीला पिन नाही, गाठ. कुर्त्याला हातानं शिवलेल्या कापडी गुंड्या. मनगटावर घड्याळ नाही, आणि घड्याळ नसल्याचा रागही दुसऱ्यांवर. "किती वाजले?" हे त्या अशा सुरात विचारायच्या की वेळ सांगणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

मी बेंबळीच्या शाळेत मास्तर. माझ्याही चिडकेपणाबद्दल गावात बरंच बोललं जातं, पण दुसऱ्याचा चिडकेपणा मला सहन होत नाही. पहिल्याच दिवशी मी खिशात चाव्या घेऊन त्यांचं दार ढकललं.

"गुरुजी, चाव्या तिथं ठिवा," त्या आतूनच म्हणाल्या. "हितं आल्यावर त्या तुमचं ऐकायच्या न्हायत."

मी चाव्या ठेवल्या आणि मनातल्या मनात बाईंना नावं ठेवली.

तिथं जायचं कारण म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडंच असते. मला तिनं कडेवर वागवलंय, आणि तेवढ्या हक्कावर ती अजून माझं काही ऐकत नाही. तिला गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, पाच आठवडे बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस. मग शेवटी आतून. सुरुवातीला एक एमआरआय, तिसऱ्या आठवड्यात एक आणि आतलं रेडिएशन द्यायच्या आधी एक. गाठ आटतेय की नाही, कुठल्या बाजूनं आटतेय, हे बघून पुढचं ठरणार होतं. अक्का राहणार की जाणार हा आमच्या घरातला प्रश्न या तीन फोटोंवर येऊन थांबला होता.

मॅडम एमआरआयला फोटोच म्हणायच्या. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं, अर्थात रागातच. "पैला फोटो सांगतो रोग कुठं हाय. शेवटचा सांगतो काय उरलं. मधला सांगतो आपण नीट चाललाव का न्हाय. पैला सगळे काढत्यात, शेवटचा सगळे बघत्यात. मधल्याला कुणी कुत्रं विचारत न्हाय."

त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक डबी असायची, तिच्यात हळकुंडं आणि पिवळा दोरा. मंगळसूत्र काढा म्हटलं की आमच्याकडच्या बाईचे हातपाय गळतात, त्यातून ती आधीच कॅन्सरला भ्यायलेली. येरमाळ्याची एक बाई आम्ही जायला लागलो त्या सुमारास तिचा मधला फोटो काढायला तिथं आली होती. गळ्यात मंगळसूत्र आणि येडेश्वरीची कवड्यांची माळ. ती दोन्हींवर हात घट्ट धरून बसली होती आणि तिचा नवरा तिच्यावर ओरडत होता. मॅडमनी आधी नवऱ्याला बाहेर काढलं. मग दोऱ्यात हळकुंड बांधून बाईच्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "आता काढ ते. गळा मोकळा न्हाय तुझा." दोरीला बांधलेलं एक लहानसं चुंबक त्यांनी कवड्यांच्या माळेवरून फिरवलं. माळ दोऱ्यात ओवलेली होती, तार नव्हती. "ही राहू दे. देवी येऊ दे तुझ्यासंगं आत."

तिथला एक कर्मचारी हसत म्हणाला, "मॅडम, तुम्हाला बरं कळतं देवीचं."

"मला चुंबकाचं कळतं," त्या म्हणाल्या, "आन् बाईमाणसाचं. लोहाऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून देवीवाल्यांचं घर हाय. तुला कशाचं कळतं ते एकदा सांग."

तो गेला. काडी फिरत राहिली.

अक्काला त्यांनी आत घेताना सांगितलं होतं, "आत हलगी वाजल्यागत आवाज हुतो. वाजू द्या. नाचायचं न्हाय." अक्का बाहेर आली ती हसत आली. गाठ निघाल्यापासून मी तिला प्रथमच हसताना पाहत होतो, आणि बाईंना ठेवलेली नावं मी निम्मी परत घेतली.

पहिला फोटो आणि रेडिएशनची आखणी झाली तेव्हा अक्का वॉर्डात भरती होती. मूत्राशय भरलेलं हवं म्हणून नर्सनं समोर बसून पाणी पाजलं होतं. त्यानंतर मी शाळेतून रजा काढली आणि रोज घरून ये-जा. सकाळी बेंबळीहून एसटी, स्टँडवरून रिक्षा, दुपारपर्यंत परत. काउंटरवर एक माणूस बसायचा, तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायचा, "पाणी प्यालात का? लघवी भरलीय का?" अक्का म्हणायची, "व्हय." तो कागदावर टिक करायचा. रांगेतल्या सगळ्या बायका व्हय म्हणायच्या. मीही तिथंच उभा असायचो. मला त्यात ऐकण्यासारखं काही वाटलं नाही, आणि याचा राग मला आजही स्वतःवर येतो.

दोन आठवड्यांत अक्काला जुलाब सुरू झाले. रेडिएशननं होतं असं सगळे म्हणाले. गोळ्या दिल्या.

तिसऱ्या आठवड्यात फोटोचा दिवस आला आणि आम्ही बाकावर बसलो असताना व्यवस्थापक एका पुढाऱ्याला घेऊन आले. गोरे, उंच, कायम घाईत असणारे गृहस्थ होते हे व्यवस्थापक. पुढाऱ्याचा गुडघा दुखत होता. सोबत आठ-दहा माणसं, सगळ्यांच्या खिशात चाव्या.

"यांचं आधी करून घ्या," व्यवस्थापक म्हणाले. "ह्या आजींचं उद्या घेऊ. नाहीतर पुढच्या आठवड्यात."

मॅडम दारात उभ्या राहिल्या. "साहेब, तुमचा गुडघा पुढच्या आठवड्यातबी गुडघाच राहील," त्या पुढाऱ्याला म्हणाल्या. "ह्यांची गाठ आज किती उरली ते आजच बघायला पायजे. रोज मारा चाललाय तिच्यावर. पुढच्या आठवड्यात कळून काय उपयोग?"

पुढारी माणूस ओशाळला, म्हणाला, असू दे, असू दे, आजींचं होऊ द्या. चिडले ते व्यवस्थापक. जाताना त्यांनी मॅडमकडं अशी काही नजर टाकली की पुढचं सगळं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अक्का आत गेली. नेहमीपेक्षा लवकर मॅडम बाहेर आल्या. काडी फिरत नव्हती, हात नुसता कानाशी थांबला होता.

मशीन थांबवून त्यांनी अक्काला बाहेर काढलं, खुर्चीवर बसवलं. "अक्का, पाणी पिलाव का?"

"व्हय."

"किती?"

"तांब्याभर."

"कवा?"

अक्कानं मान खाली घातली.

"मला दिसतंय सगळं," मॅडम म्हणाल्या. "थेंब न्हाय पोटात. तीन आठवडं झालं, रोज व्हय म्हणताव. कुणाला फसवताव तुमी? मला? त्या डॉक्टरला? सोताच्या मरणाशी मजाक करताव व्हय?"

त्या बरंच बोलल्या. मलाही सोडलं नाही. शिकलेला भाऊ म्हणून संगं येताव आन् बहीण पाणी पिली का न्हाय तेवढंबी मालूम न्हाय, असं म्हणाल्या. खरंच होतं ते. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "म्याडम, येरवाळी उठून पाणी पिऊन निघाले तर वाटंत कुठं बसू मी? आन् हितं येऊन पिले, तर जायची जागा तुमी कुलूप घालून ठिवलीया. भरल्या पोटी परत गाडीत कशी बसू? म्या पोरगी असल्यापासनं परगावी जायचं म्हणलं की पाणी तोंडाला लावत न्हाय. आमच्यात कुणीच लावत न्हाय. अन् त्यो बाप्या सगळ्यांम्होरं इचारतो. व्हय म्हणलं की गप बसतो."

मॅडमचा राग मी जागा बदलताना पाहिला. त्या अक्कासमोर जमिनीवरच बसल्या. मग उठून रेडिएशनच्या बोळाच्या टोकाला गेल्या. तिथं एक बाथरूम होतं, दारावर पितळी कुलूप. त्या त्याच बोळातून वर्षानुवर्षं ये-जा करत होत्या.

मी मास्तर आहे. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुली बाटल्या भरून आणतात आणि तशाच भरलेल्या घरी नेतात. मी ते रोज बघतो. त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मला ते पहिल्यांदा दिसलं, आणि कुणाच्या तरी थोबाडीत द्यावी असं वाटलं. जवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तासाभरानं, अक्काला वॉर्डाच्या बाथरूमला नेऊन, समोर बसून पाणी पाजून, पाऊण तास थांबून मॅडमनी पुन्हा फोटो काढला. रिकाम्या पोटाचा आणि भरल्या पोटाचा, दोन्ही त्यांनी डॉक्टरांपुढं ठेवले. डॉक्टर भले माणूस होते, फक्त त्यांच्याकडं एका रोग्याला द्यायला चार मिनिटं असायची. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास दिला. मला पडद्यावर दाखवलं. गाठ निम्म्याहून जास्त आटली होती, पण एका बाजूची कड तशीच होती. मूत्राशय रिकामं असलं की गर्भाशय पुढं कलतं, आखणी केलेल्या जागेवर राहत नाही, आणि त्याच्या जागी आतडं खाली येतं. म्हणजे मारा काही प्रमाणात गाठीच्या कडेला चुकत होता आणि आतड्याला बसत होता. जुलाबाचं कारणही तेच असावं.

"पण रोज मशीनखाली तपासून घेता ना तुम्ही?" मी विचारलं.

"तिथं हाडं दिसतात, गुरुजी. हाडं जागच्या जागी होती. मऊ भाग असा एमआरआयवरच दिसतो."

नवीन आखणी करायची ठरली. दोन दिवस रेडिएशन बंद, आखणीसाठी येणं मात्र चालूच. त्या दोन दिवसांत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

शमीम मॅडम मात्र त्याच दुपारी व्यवस्थापकांकडं गेल्या. बोळातल्या बाथरूमची किल्ली मागितली. ते स्टाफसाठी आहे, बाहेरच्या बायका घाण करतात, हवं तर लेखी अर्ज द्या, असं उत्तर मिळालं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. तो फायलीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एमआरआयच्या दाराबाहेर प्लास्टिकचं स्टूल टाकून बसल्या. बाहेरचे पेशंट जमले, आतून फोन वाजू लागले. शेवटी व्यवस्थापक आले.

"मशीन बंद का आहे?"

"मशीन चालू हाय, साहेब. म्या बंद हाय."

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"मला येवढंच कळतं, की तिथं कुलूप असलं तर हितं फोटो खोटा निघतो. खोटा फोटो काढायला मला पगार देऊ नका."

अकरा वाजायच्या आत कुलूप निघालं. आतली कडी मोडलेली होती, ती कुणी बसवली नाही. दुपारी मॅडमना मेमो मिळाला. त्यांनी तो वाचला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून तक्ता केला: कोणती बाई बाथरूमला कधी जाऊन आली, पाणी कधी पिली, कधी आत घ्यायची. घड्याळ त्यांच्याकडं नव्हतं, मग वेळ सांगायचं काम माझ्याकडं आलं. "गुरुजी, किती वाजले?" बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आम्ही घरी निघेपर्यंत हेच. काउंटरवरच्या माणसाला त्यांनी सांगून टाकलं की बायकांना तो प्रश्न विचारायचा नाही, ते त्या बघतील. बायकांना सांगितलं, "मला व्हय नगं. मला खरं सांगा. न्हाय पिले म्हणा, म्या मारत न्हाय." हे त्या मारतील अशाच आवाजात सांगायच्या, तरी बायका सांगायला लागल्या.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी मी वेळ सांगायला गेलो तर त्या पडद्यासमोर बसल्या होत्या. जेवणाचा डबा बाजूला तसाच. जुने फोटो काढून बघत होत्या, आधी येऊन गेलेल्या बायकांचे, मधल्या आठवड्यातले. मला बाहेर जा म्हणाल्या नाहीत. एकेक कागद पुढं सरकवत गेल्या. कागदावर टिक आणि फोटोत रिकामं मूत्राशय. बऱ्याच जणींचं असं होतं. त्यात येरमाळ्याची ती बाईही होती.

"सगळ्या व्हय म्हणाल्या हुत्या," त्या म्हणाल्या. "आन् ही टिक बघा. ही त्या काउंटरवाल्याची न्हाय, माझी हाय. फोटोत मला दिसत हुतं की. मला वाटलं, आत्ताच जाऊन आली असंल बाई. कुठं जाऊन आली असंल, हे मनात आलं न्हाय."

येरमाळ्याच्या बाईची गाठ आटायच्या ऐवजी वाढली होती. आधीच्याच आठवड्यात ती दाखवायला येऊन गेली होती. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, त्यामुळंच असं म्हणता येणार नाही.

"त्यामुळं न्हाय, असंबी म्हणता येत न्हाय," मॅडम मला म्हणाल्या. कानातली काडी त्यांनी इतकी फिरवली होती की भोकाशी रक्त आलं होतं. मी तसं सांगितलं. "असू द्या," म्हणाल्या, आणि पुढचा कागद घेतला. मी कधी कुणावर इतका रागावलो नसेन, जितक्या त्या त्या दुपारी स्वतःवर रागावल्या होत्या. व्यवस्थापकांवर कुणी रागावलं नाही. त्यांना त्या वर्षी उत्तम कामाबद्दल शाल मिळाली, हे मला पुढं समजलं.

मॅडमच्या बदलीचा कागद त्याच आठवड्यात आला. सोमवारपासून तळघरात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. टेक्निशियन बाईनं तिथं काय करायचं, हे त्यावर लिहिलं नव्हतं. बायकांनी मिळून डॉक्टरांना सांगितलं, मीही एक अर्ज लिहिला. तोही फायलीत गेला.

अक्काचा शेवटचा फोटो शुक्रवारी झाला. गाठ बोटाच्या पेराएवढी उरली होती, दोन्ही बाजूंनी सारखी आटलेली. आता आतून रेडिएशन देता येईल, आणि नीट देता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढं ते झालं. अक्का आज बेंबळीत आहे, आणि मी तिला औषधाची आठवण केली की मला गप्प बसवते. इतर बायकांचं काय झालं ते मला माहीत नाही. सहा महिन्यांनी दाखवायला गेलो तेव्हा तळघराचं दार बंद होतं आणि मॅडम नोकरी सोडून लोहाऱ्याला गेल्याचं कळलं. बोळात नवीन माणूस रांगेला मोठ्यानं विचारत होता, पाणी प्यालात का. मी जाऊन त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, "आजोबा, तुमचं काय आहे इथं?"

शमीम मॅडम मला शेवटच्या भेटल्या त्या शुक्रवारी, आणि डोळ्यापुढं राहिलंय ते फोटोच्या तासभर आधीचं. फोटोच्या आधी मूत्राशय रिकामं करायचं, मग मोजून पाणी, मग पाऊण तास. अक्का बोळातल्या बाथरूममध्ये गेली होती. कडी अजून बसवलेली नव्हतीच, आणि दार आपोआप उघडायचं. म्हणून मॅडम दाराला पाठ लावून, पाय जमिनीत रोवून उभ्या होत्या. मी बोळाच्या या टोकाला हातात पाण्याची बाटली घेऊन.

व्यवस्थापक आले. "मॅडम, मशीन रिकामं पडलंय. बाहेरचा पेशंट ताटकळलाय."

"आत बाई हाय."

"मग कुणाला तरी उभं करा इथं."

"केलंय की."

"तुम्ही टेक्निशियन आहात."

"सोमवारपातुर हाय."

आतून अक्काचा आवाज आला. "शमीम, जातीस का गं तू?"

"न्हाय. बसा निवांत."

व्यवस्थापक घड्याळाकडं बघत तिथंच उभे राहिले. बाकावर दोन बायका बसल्या होत्या, सकाळपासून. त्या एकमेकींकडं बघून उठल्या आणि पदर सावरत, व्यवस्थापकांच्या पुढून जाऊन दाराशी उभ्या राहिल्या.

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं, मग व्यवस्थापकांकडं.

"अजून दोघी हायत," त्या म्हणाल्या. "वेळ लागंल."